ओबरमायरकाकूंचं 'या'

शिवांगीला इराकला मी पाठवलं. मुद्दाम नाही. माझं सगळं लक्ष एका निळ्या बाटलीकडे होतं.

शनिवार होता आणि मी म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या काचेच्या डब्यांपुढे उभा होतो. जर्मनीत रिकामी बाटली टाकणं हा एक विधी आहे. पांढरी पांढऱ्यात, तपकिरी तपकिरीत, हिरवी हिरव्यात. माझ्या हातात निळी होती, आणि निळ्याचा डबाच नव्हता. अशा वेळी मागे कुठून तरी एक जर्मन आजीबाई येऊन उभ्या राहतात आणि तुम्ही या देशात राहायच्या लायकीचे आहात की नाही, याची शांतपणे परीक्षा घेतात. तशा त्या आल्या होत्या. नेमका तेव्हाच शिवांगीचा फोन आला.

शिवांगी ही कराडच्या श्रीपादची, म्हणजे माझ्या मावसभावाची एकुलती एक मुलगी. इथल्या विद्यापीठात पाण्याचं शास्त्र शिकते. श्रीपादने तिला विमानात बसवताना मला सांगितलं होतं, "प्रद्युम्न, तिकडे तूच तिचा बाप." मी मान डोलावली होती. बाप होण्यासाठी फोन नीट ऐकावा लागतो हे त्याने सांगितलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात. इथे बरीच वर्षं काढलेल्या मराठी माणसाच्या तोंडात हा शब्द असा मुरतो, की त्याचा अर्थ 'हो'सुद्धा राहत नाही. त्याचा अर्थ 'चालू दे तुझं, मी आहे' एवढाच उरतो. 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', याचंही तेच होतं. तर त्या दिवशीचं संभाषण शिवांगीने नंतर मला ऐकवलं, ते असं:

"काका, मार्चमध्ये लेक्चर्स नाहीत. सगळे मयोर्काच्या बीचवर चाललेत. मला नाही जायचं."

"या."

"मला दक्षिण इराकमधली दलदल बघायचीय. मी आणि माझ्या वर्गातला ओजस जाणार. जाऊन येऊ?"

"या, या."

"रिस्की आहे थोडं. पण मी नीट वाचलंय सगळं."

"गेनाऊ."

"मग बाबांना सांगू, काकांनी हो म्हटलंय?"

"या, या, या." हा शेवटचा तिहेरी 'या' खरं तर आजीबाईंना होता. निळी हिरव्यात टाकायची असते, हे त्यांनी मला सांगितलं होतं.

संध्याकाळी श्रीपादचा फोन आला. तो तंत्रनिकेतनात शिकवतो, आवाज चढवत नाही. त्यामुळे जास्त भीती वाटते.

"तू तिला इराकला हो म्हणालास?"

"मी हो नाही म्हणालो. मी 'या' म्हणालो."

"कुठे या?"

"कुठे नाही रे. 'या' म्हणजे हो."

"म्हणजे हो म्हणालास."

"तसं नाही. इकडे 'या' म्हणजे नुसतं—"

"प्रद्युम्न," तो म्हणाला, "तिची आई दुपारपासून जेवलेली नाही. मला तुझं जर्मन नको. तू चालू केलंयस, तूच बंद कर."

मालिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिकडच्या खोलीतून शांतपणे विचारलं, "बाटली तरी बरोबर डब्यात गेली ना?"

शिवांगीला समजवायला मी जय्यत तयारीने गेलो. जर्मन परराष्ट्र खात्याची सूचना, नकाशावरचा लाल रंग, विम्याच्या अटी, सगळं होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्यांदा जर्मनीला निघालात तेव्हा तुमची आत्या काय म्हणाली होती?" आमची आत्या म्हणाली होती, तिकडे बॉम्ब पडतात. महायुद्ध संपल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. मी नकाशा घडी करून ठेवला.

मग शिवांगीने मला एक फोटो दाखवला. वेताच्या बारीक होडीत एक बाई उभी, मागे क्षितिजापर्यंत पाणी, आणि पाण्यात बोरूचं उंच कमानदार घर. ती म्हणाली, ही दलदल एकदा मुद्दाम कोरडी केली होती. पार वाळवंट झालं होतं. नंतर लोकांनी जाऊन बांध फोडले आणि पाणी परत आलं. म्हशी आल्या, मासे आले, माणसंही परतली. "आम्ही वर्गात बसून कोरडी नदी परत कशी आणायची याची समीकरणं सोडवतो. तिथे लोकांनी फावड्याने आणली. ते पाणी मला एकदा हात लावून बघायचंय."

एवढं ऐकल्यावर 'मयोर्काला जा' म्हणायला माणूस फार निबर लागतो. आणि त्यात आणखी एक झालं. ओजसच्या आईने त्याला कळवलं, की तू इराकला गेलास तर मी गार्चिंगला येऊन कायमची राहीन. ओजस इराकला घाबरला नव्हता, याला घाबरला. आता शिवांगी एकटी निघाली होती. येत्या शुक्रवारी.

शेवटचा उपाय म्हणून मी तिला रविवारी ओबरमायरकाकूंकडे नेलं.

कुमुदिनी ओबरमायर, पूर्वीच्या मिरजेच्या कुमुदिनी आपटे. मिरजेत नर्सिंग शिकल्या, ऐन विशीत म्युनिकच्या एका इस्पितळात नोकरीला आल्या, आणि पायाचं हाड मोडून आलेल्या फ्रांझ ओबरमायर नावाच्या पेशंटशी त्यांनी लग्न केलं. फ्रांझकाका भुयारी रेल्वे चालवत. सारी हयात जमिनीखाली गेल्यामुळे माणसाने प्रवास का करावा हे त्यांना आजही कळत नाही. त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा गार्चिंगच्या शेवटच्या स्टेशनावर संपते. काकूंची आई मिरजेहून पहिल्यांदा आली, तेव्हा तिने जावयाला काहीही विचारलं की ते म्हणायचे, "या, या." आई महिनाभर राहून परत गेली आणि गावभर सांगत सुटली, की जावई गोरा आहे पण संस्कारी आहे, सारखं या या करतो.

पुढे पाठ धरली आणि काकूंनी वॉर्ड सोडला. मग त्या एका विमा कंपनीच्या फोनवर बसल्या. परदेशात कुणी जर्मन माणूस आजारी पडला, पडला-झडला, हरवला, अडकला, तर त्याला घरी आणायचं, असं ते खातं. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे. मी त्याला 'परत-आणा खातं' म्हणतो. निवृत्त होईपर्यंत काकू त्या खात्यात होत्या. मॉरिटानियात उंट चावलेल्या बाई त्यांनी आणल्या. पेरूमध्ये डोंगराच्या कपारीत कंबरडं मोडून बसलेले एक निवृत्त जज्ज आणले. लाओसमधल्या एका नदीकाठी पोहायच्या कपड्यांखेरीज जवळ काहीही न उरलेलं एक नवपरिणीत जोडपं आणलं. हे सगळं म्युनिकमधल्या एका खुर्चीवर बसून. स्वतः काकू मिरज आणि म्युनिक सोडून कुठेही गेलेल्या नाहीत, आणि भूगोल त्यांचा अगाध आहे. बोलिव्हिया आफ्रिकेत आहे असं त्यांना अजून वाटतं. देश त्यांना फोनवरच्या वागण्यावरून माहीत. "इथिओपियात आधी घरच्या सगळ्यांची चौकशी करायची, मग रक्तदाबाचं विचारायचं. घाई केलीस तर फोन ठेवतात. आपल्याकडच्यासारखंच."

आम्ही गेलो तेव्हा त्या राईच्या पिठाचं थालीपीठ लावत होत्या. फ्रांझकाकांनी कॉफी ठेवली आणि विचारलं, मुलगी कुठे निघाली? मी सांगितलं. ते म्हणाले, "या, या," आणि बाल्कनीत जाऊन बसले. जर्मनमधलं हे दुहेरी 'या' म्हणजे 'तुमचं तुम्ही बघा' असंही असतं.

मी माझं भाषण पुन्हा केलं. तरुणांनी कुठे जावं, कुठे जाऊ नये, आईबापांच्या जिवाचं काय, मजा आणि वेडेपणा यांतली सीमारेषा. काकूंनी ते सगळं थालीपीठ उलटता उलटता ऐकलं. मग शिवांगीकडे वळून म्हणाल्या, "आल्झो, तर मग, तुला तिथे कोण ओळखतं?"

"हॉस्टेल बुक केलंय काकू. रेटिंग चांगलं आहे."

"हॉस्टेल तुला ओळखतं?"

शिवांगी हसली. काकू हसल्या नाहीत.

"तू एके दिवशी संध्याकाळी परत आली नाहीस, तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल?"

शिवांगी म्हणाली, "बाबांच्या. रात्री मेसेज नाही आला तर."

"म्हणजे कराडात लक्षात येणार. कराडहून बसऱ्याला तुला शोधायला कोण जाणार? श्रीपाद? एसटीने?"

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं होतं. काकूंनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मी पुष्कळ माणसं आणली," त्या म्हणाल्या. "एक मुलगा राहिला. कासेलचा. तुझ्याच वयाचा, सुट्टीतच गेलेला. वाईट जागी गेला म्हणून नाही राहिला. वाईट जागी गेलेले किती तरी मी आणले. कुठे गेला हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून राहिला. फोन करायचा तर कुठे करायचा? त्याची आई रोज सकाळी मला विचारायची, शोधताय ना? मी म्हणायचे, या. रोज म्हणायचे. मी रिटायर झाले त्या दिवशीही तिचा फोन आला होता."

बाल्कनीतून फ्रांझकाकांनी मान वळवून एकदा आत बघितलं.

मला वाटलं, झालं, आता ही मुलगी जात नाही. मी मनातल्या मनात श्रीपादला फोनसुद्धा लावून टाकला. आणि काकू उठल्या, भिंतीवरचा जुना फोन उचलला आणि एक लांबलचक नंबर तोंडपाठ फिरवला.

"करीम!" काकू ओरडल्या. मिरजेला ट्रंक कॉल लावायची सवय त्यांची गेलेली नाही. "ओबरमायर! गुडघा कसा आहे?"

करीम हे बसऱ्यातल्या एका दवाखान्याचे जुने मेल नर्स. तेलाच्या कंपन्यांमधल्या जर्मन माणसांना परत पाठवताना वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांशी फोनवर काम केलेलं. एकमेकांना पाहिलेलं नाही. पण काकूंना करीमच्या गुडघ्याची, तिन्ही लेकींच्या लग्नांची आणि एका भांडकुदळ व्याह्याची खडान्‌खडा माहिती होती. भाषा तीन होत्या, कोणतीच पुरी नव्हती. बराच वेळ गुडघे झाले, मग नातवंडं झाली. तेवढ्या वेळात मी दोन थालीपिठं खाल्ली. मग काकू म्हणाल्या, "करीम, माझी एक मुलगी येते आहे. दलदल बघायला."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. काकू मधूनमधून "या... या..." म्हणत होत्या.

फोन ठेवून त्यांनी शिवांगीला सांगितलं, "या शुक्रवारी नाही. त्या रस्त्यावर सध्या गडबड आहे. तो म्हणेल तेव्हा जायचं. हॉस्टेल नाही, त्याच्या बहिणीचं घर. दलदलीत त्याच्या मेहुण्याच्याच होडीतून. आणि रोज संध्याकाळी मला एक शब्द: पोचले. दुसरं काही लिहू नकोस, मला वाचायला चष्मा लागतो."

"पण काकू, माझं तिकीट—"

"तिकीट बदल. नाही तर मयोर्काला जा, तिथे फ्रांझचे पुतणे असतात, त्यांना पोरी आवडतात."

शिवांगीने तिकीट बदललं.

मग काकूंनी मला श्रीपादला फोन लावायला लावला. तो मी माझ्या आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चमत्कारिक फोन होता. काकूंनी त्याला एकही गोड शब्द ऐकवला नाही. म्हणाल्या, "काही होणार नाही असं मी सांगत नाही. तसं कराडातही सांगता येत नाही. तुमची मुलगी दर संध्याकाळी कुठे आहे हे मला माहीत असेल, एवढंच सांगते."

मग श्रीपाद म्हणाला, "आपण कोण?"

पन्नास वर्षांचा जर्मन पासपोर्ट, पेन्शन, ओबरमायर आडनाव, यातलं काकूंनी काहीही काढलं नाही. म्हणाल्या, "मी मिरजेच्या आपट्यांची."

"किल्ल्याजवळच्या?"

"गेनाऊ."

श्रीपादने शिवांगीच्या आईला हाक मारलेली मला ऐकू आली. "अगं, जेवून घे. मिरजेच्या आपट्यांच्या आहेत."

शिवांगी गेली. पोचले, पोचले, पोचले, असे संध्याकाळचे निरोप येऊ लागले. काकू ते मला पाठवत आणि मी श्रीपादला. उंटरश्लाइसहाइममधल्या ऑफिसात मी मीटिंग सोडून फोनकडे बघतो हे माझ्या साहेबाच्या लक्षात आलं. त्याला वाटलं मी दुसरी नोकरी शोधतोय.

आणि एका संध्याकाळी निरोप आला नाही.

मी सायकल काढून काकूंकडे गेलो. उजेड अजून होता, पण इराकमध्ये दोन तास पुढे, तिथे अंधार झाला असणार. वाटेत मला काय काय दिसलं ते मी इथे लिहीत नाही. ते काचेचे डबे मात्र दिसले. त्यांच्याकडे मी बघितलं नाही.

काकू फोनपाशी बसल्या होत्या. "बस," त्या म्हणाल्या. "करीमला कळवलंय."

पुढचा वेळ मी जे पाहिलं ते मला आयुष्यभर पुरणार आहे. पाहण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एक म्हातारी बाई फोन कानाला लावून "या... या..." म्हणत होती. पण तिच्या आवाजाला पाय फुटले होते. गार्चिंगमधून तो बसऱ्यात करीमकडे गेला. करीमने बहिणीला लावला. बहिणीने पाण्याकाठच्या एका औषधाच्या दुकानदाराला. दुकानदाराने पोराला पिटाळून एका कोळ्याला गाठलं. तो कोळी दुसऱ्या होडीत बसून, हातात बॅटरी घेऊन बोरूच्या रानात शिरला. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखत होती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी शिवांगीला पाहिलंही नव्हतं, आणि काकूंना तर कुणीच पाहिलं नव्हतं. पण 'ओबरमायरची मुलगी' म्हटल्यावर एकेक माणूस जेवणावरून उठत होता. फ्रांझकाकांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि ते बायकोकडे बघत बसले होते. हे त्यांनी किती वर्षं पाहिलं असेल. तरी ते अजून बघतच होते.

दोन पूर्ण प्रहर गेल्यासारखं वाटलं. घड्याळात फारसं काही सरकलं नव्हतं. मग फोनमधून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला, माणसांचं हसणं आलं, आणि शिवांगी आली. होडीच्या मोटारीत बोरू अडकला होता. फोनला रेंज नव्हती. ते एका बोरूच्या घरात थांबले होते. कोळ्याचा फोन छपराच्या कमानीपाशी उंच धरल्यावर लागला.

"काकू, सॉरी, मी..." मग ती थांबली. "काकू, एक मिनिट. ऐका फक्त."

काकूंनी फोन आम्हा दोघांच्या मध्ये धरला. बेडूक. हजारो, लाखो बेडूक, इतके की तो आवाज एकच वाटत होता. कुठे तरी एक म्हैस हंबरली, अगदी कराडच्या म्हशीसारखी. एकदा कोरडं वाळवंट झालेल्या जागेवरचे ते बेडूक गार्चिंगच्या त्या स्वयंपाकघरात ओरडत होते. फ्रांझकाका उठून जवळ आले. भुयारातल्या माणसाने कान पुढे केला होता.

"जेवलीस का?" काकूंनी विचारलं.

"मासा खाल्ला."

"शब्द राहिलाय तुझा."

"पोचले, काकू."

काकूंनी फोन ठेवला आणि टेबलावर हात पालथा ठेवून बसल्या. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो.

शिवांगी ज्या दिवशी परतली त्या दिवशी काकूंनी विमानतळावर यायचा हट्ट धरला. मी म्हटलं, "कशाला दगदग? मी आणतो ना." फ्रांझकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, की आजवर तिने जगभरातून एवढी माणसं आणली, पण त्यांतलं एकही तिने दारातून बाहेर येताना पाहिलेलं नाही. फोन ठेवला की तिची ड्यूटी संपायची. मग मी काकूंचा कोट आणून दिला.

त्या बाहेर यायच्या सरकत्या दारापुढे, कठड्याला दोन्ही हात धरून, काकू उभ्या राहिल्या. पाचवारी साडी, वर जाड जर्मन कोट. दार उघडलं की कोणीही बाहेर यायचं. सुटाबुटातली माणसं, रडकी पोरं, उन्हाने लाल झालेलं एक मयोर्काचं टोळकं. काकू प्रत्येकाकडे नीट बघत होत्या आणि पुटपुटत होत्या, "या. या. या." माणसंही मान हलवून जात होती. जर्मनच ती. कुणी तरी बाई आपल्याला हो म्हणते आहे एवढंच त्यांना कळत होतं.

शिवांगी आली. रापलेली, केसांत धूळ, काखेत बोरूची चटई. ती काकूंच्या गळ्यात पडली तेव्हा काकू म्हणाल्या, "आलीस," आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गाडीकडे जाताना मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, एक सांगा. मी 'या' म्हणालो तर श्रीपाद महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. तुम्हीही शेवटी 'या'च म्हणालात, आणि तुम्हाला त्याची बायको साडी पाठवते आहे. हा काय न्याय?"

काकूंनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"तू जर्मनमध्ये म्हणालास, मी मराठीत."